वेंडेलचा डावा बूट

एजिदिओ ब्रेसान माणसाचे आधी पाय बघायचा, तोंड नंतर. त्याचं मोचीचं दुकान रस्त्यापासून चार पायऱ्या खाली होतं आणि खिडकीतून दिसायचे ते नुसते बूट. बँकेचा मॅनेजर चवडे घासत चालतो, हेडमास्तर टाच बाहेरच्या अंगाने झिजवतात, दूधवाला उजवा पाय आपटतो. इटलीहून अमेरिकेत, इंडियानातल्या या हॅस्किन्स गावी आला तेव्हा त्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण गाव त्याला पायांनी पाठ झालं. गावाने त्याच्या नावाचं ‘गिड’ करून टाकलं. त्याने तेही गोड मानून घेतलं.

त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली. आता १९२४ साल, दिवस बरकतीचे. दारोदार मोटारी, घरोघरी रेडिओ, पोरींनी केस मानेपर्यंत कापलेले. पोट भरलं की माणसाला धर्म आठवतो म्हणतात. हॅस्किन्सला शेजाऱ्यांचा धर्म आठवला. पोपला मानणारे, ज्यू, काळे, परदेशी, सगळे मिळून देश पोखरतात म्हणे. त्यांना हाकलायला बुरखेवाल्यांची संघटना निघाली, आणि तिचे पांढरे बुरखे शिवणाऱ्या बायकांचे हात दुखेनात. दुकानांच्या काचांवर ‘शंभर टक्के अमेरिकन’ अशा पाट्या लागल्या आणि गिडकडे येणारे बूट सहा मैलांवरच्या गावी जाऊ लागले.

“भाऊ बोलावतोय सिनसिनाटीला,” त्याची बायको नोरीना म्हणायची. “इथे कोणाची वाट बघतोस?”

“वेंडेल आहे ना.”

“हो, तुझा वेंडेल! देव्हाऱ्यात बसव त्याला.”

वेंडेल स्ट्राउडचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. लहानपणी गवताच्या गाडीवरून पडून त्याचा डावा पाय इंचभर आखूड राहिला होता. तरुणपणी पोरं त्याला ‘लंगडा स्ट्राउड’ म्हणून चिडवायची. दुसऱ्या कुणी मोच्याने बुटाला खालून जाड तळ ठोकून दिला असता. एजिदिओने त्याच्या पायाच्या मापाचा लाकडी फर्मा घडवला आणि बुटाच्या आत बुचाची पाचर अशी बसवली की बाहेरून कळू नये. वेंडेल सरळ चालू लागला. दहा वर्षांत गाव त्याचं लंगडणं विसरलं. ते बूट नेहमी मागच्या दाराने यायचे-जायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून. एजिदिओने ही गोष्ट नोरीनालासुद्धा सांगितली नव्हती.

उलट उपकार वेंडेलनेही केला होता. नागरिकत्वाच्या कागदांसाठी साक्षीदार लागतो, तेव्हा त्याने कोर्टात उजवा हात वर करून सांगितलं, “हा माणूस सचोटीचा आहे, अमेरिकन व्हायला लायक आहे.” ते वाक्य एजिदिओला तोंडपाठ होतं. रविवारी दुपारी दोघं एजिदिओच्या तळघरात बसून घरच्या द्राक्षांची वाइन प्यायचे. दारूबंदी होती, पण ती तळघराच्या वर.

यंदा वेंडेल जिल्ह्याच्या खजिनदारपदासाठी उभा होता. जून महिन्यात एजिदिओने त्याला धीर करून विचारलं.

“वेंडेल, तू त्यांच्यात नाहीस ना?”

“वेडा का खुळा! या उन्हाळ्यात बुरखा? गुदमरून मरेन. तुझ्या केसाला धक्का लागणार नाही, गिड, मी आहे.”

एजिदिओने घरी जाऊन सांगितलं, आपण कुठेही जायचं नाही.

चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, भर दुपारी बुरखेवाल्यांची मिरवणूक निघाली. नोरीनाने पडदा ओढला, एजिदिओने तो परत सारला. पांढऱ्या झग्यांचे घोळ घोट्यापर्यंत, आणि त्याखाली बूट. माणसांना तोंडं झाकायची अक्कल होती. पायांचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्याला हाकलायचं त्यानेच ठोकलेल्या टाचांवर गाव चाललं होतं. चवडे घासत मॅनेजर गेला. हेडमास्तर गेले. दूधवाला पाय आपटत गेला. प्रत्येक जोडी आली की एजिदिओ मनात म्हणे, हा असो, तोही असो, फक्त एक नको.

मग एक तपकिरी जोडी आली. ताठ, एका लयीत, डावा-उजवा, डावा-उजवा. वा, काय सुरेख चाल, असं त्याच्या मनात आलं. कारागिराचं मन आधी धावतं, त्याला काय करणार! नंतर त्याची नजर डाव्या बुटाच्या टाचेवरच्या दुहेरी शिवणीवर गेली. तशी शिवण तो एकाच माणसासाठी घालत असे.

नोरीनाने त्याचा चेहरा बघितला आणि पडदा पुन्हा ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंडेल मागच्या दाराने आला. काखेत वर्तमानपत्राचं पुडकं.

“टाच जरा हलतेय, गिड.”

“काल बरंच चाललास.”

वेंडेल खुर्ची ओढून बसला. “हे बघ, त्यांच्याशिवाय या जिल्ह्यात कुत्रंसुद्धा निवडून येत नाही. नोव्हेंबरात मतदान, तोपर्यंतची गोष्ट. आपला एक माणूस आत असलेला तुलाच बरा.”

“कोर्टात तू हात वर केला होतास.”

“ते मी मनापासून बोललो होतो!”

“आणि काल?”

“काल मी बोललो का काही? नुसता चाललो.”

“चाललास,” एजिदिओ म्हणाला. “माझ्या टाचेवर.”

एजिदिओच्या मनात आलं की ते बूच उपटून टाकावं आणि याला भर चौकात लंगडत जाऊ द्यावं. त्याने बूट हातात घेतला, टाच उचकटली, बुचाला बोट लावलं आणि ते जागच्या जागी नीट बसवून चार खिळे ठोकले. वाईट काम त्याच्या हाताला जमत नव्हतं. मात्र त्या रविवारी तळघराला कुलूप होतं.

ऑगस्टमध्ये सामान बांधून झालं. सिनसिनाटीच्या गाडीला तास होता, तेव्हा एजिदिओ वेंडेलच्या दुकानात शिरला, आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या दाराने. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. गल्ल्यापाशी निवडणुकीची पत्रकं, त्यांवर वेंडेलचा फोटो, पाय सोडून. एजिदिओने वर्तमानपत्रात गुंडाळलेला लाकडी फर्मा त्याच्यापुढे ठेवला. कागद त्याने घट्ट दोऱ्याने बांधला होता, कुणाला दिसू नये म्हणून.

वेंडेलने हाताने चाचपून ओळखलं. त्याचा रंग उडाला. त्याने वाकून, कुजबुजत विचारलं, “अरे, मग माझे बूट कोण करणार?”

बावीस वर्षांनंतर त्याला एवढंच विचारावंसं वाटलं.

“सहा मैलांवर आहे की एक मोची, शंभर टक्के अमेरिकन,” एजिदिओ म्हणाला. “त्याला सांग, डावा पाय, एक इंच. मी कुणाला सांगितलं नाही. तुझं तुलाच सांगावं लागेल.”

आणि तो निघाला. दाराशी पोचेपर्यंत त्याने मागे वेंडेलच्या पावलांची वाट पाहिली. ती आली नाहीत.