उंद्रीच्या कॉम्प्युटरवर दिसलेलं स्थळ

या ग्रुपवर जे मला ओळखतात ते आता हसतील. इथे कुणी आपोआप सुरू झालेल्या टीव्हीबद्दल लिहिलं, की खाली 'आधी वायरिंग तपासून घ्या' अशी कमेंट टाकून जाणारी बाई ती मीच. भुतंखेतं, शकुन-अपशकुन, कुणाची तरी करणी... मी यातलं काही मानत नव्हते आणि खरं सांगायचं तर आजही फारसं मानत नाही. पण एक गोष्ट माझ्याच कामात, माझ्याच डोळ्यांदेखत, भर दुपारी घडली. तिचं वायरिंग मला अजून सापडलेलं नाही, म्हणून आज मी लिहिते आणि कमेंट तुम्ही टाका.

मी खामगावला राहते आणि वेबसाइट बनवते. कापसाचे जिनिंगवाले, शाळा, दवाखाने, जे येईल ते. माहेर चिखलीकडच्या एका खेड्यात. तिथे माझा धाकटा भाऊ गजानन, म्हणजे आमचा गजू, शेती करतो. आई-वडील थकलेले, त्यामुळे सगळं त्याच्याच अंगावर.

गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीचं वाटोळं केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. बोंड वरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत अळी. त्याच सुमारास आमच्या समाजाच्या मंडळानं वधू-वर परिचयाची वेबसाइट बनवायचं काम मला दिलं. आधी दरवर्षी पुस्तिका छापायचे, आता ऑनलाइनचं वेड लागलं होतं. अध्यक्षांची एकच अट होती. मुलांच्या पानावर 'नोकरी', 'व्यवसाय', 'शेती' असे तीन चौकोन हवेत आणि 'नोकरी'वर टिक आधीच मारलेली हवी, म्हणजे पान उघडताच फक्त नोकरीवाले दिसतील.

"शेतीवाला पोरगा कोणी पाहातच नाही मॅडम, उगाच मुलीवाल्यांचा वेळ कशाला घ्या?" ते म्हणाले.

राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता. आमच्याकडे गावोगाव तिशी ओलांडलेली शेतकरी पोरं बिनलग्नाची बसली आहेत. गजू त्यातलाच एक. मध्यस्थ मोठ्या उत्साहानं निरोप घेऊन जायचा आणि 'पोरगा काय करतो'पाशी गाडी अडायची ती अडायचीच. शेतकऱ्यांच्याच मुली, शेतकऱ्यांचीच घरं, पण जावई मात्र नोकरीवाला हवा. त्यांना तरी काय बोलणार? त्यांनी शेतीत काय काय पाहिलंय ते मीही पाहिलंय.

साइट तयार करताना पहिला बायोडाटा मी गजूचाच भरला होता. एक दिवस तो कापूस घेऊन खामगावला आला, तेव्हा जेवायला घरी आला. मी हौसेनं लॅपटॉप उघडून त्याला अर्धवट झालेली साइट दाखवायला बसले; टिक आपोआप पडायची सोय अजून बाकी होती. हे बघ, इथे टिक मारली की फक्त नोकरीवाले राहतात... आणि टिक मारल्याबरोबर त्याचाच फोटो पानावरून गायब झाला.

"ताई, माहं नाव काढून टाक याच्यातून."

"काऊन रे?" माहेरचं माणूस समोर आलं की माझीही भाषा फिरते.

"टिक मारून लपवल्यापरीस नसलेलंच बरं."

मी समजावलं. तो ऐकेना. शेवटी त्याच्यासमोरच मी त्याचा बायोडाटा काढून टाकला, फोटोही काढला. तेव्हा साइट फक्त माझ्या लॅपटॉपवर होती, इंटरनेटवर चढायला अजून अवकाश होता. हे वाक्य कृपया परत एकदा वाचा, कारण पुढे तुमच्यापैकी निम्मे लोक 'कॅशे, कॅशे' करत, म्हणजे ब्राउझरनं साठवून ठेवलेलं जुनं पान दिसलं असेल असं म्हणत, माझ्या अंगावर येणार आहेत.

साइट सुरू झाली आणि फोन सुरू झाले. 'साइट चालत नाही' एवढंच सांगून पलीकडचा माणूस गप्प बसतो, तेव्हा माझं डोकं कसं फिरतं ते या धंद्यातल्या लोकांनाच कळेल. बहुतेकांचं इंटरनेटच बंद असतं. त्यात उंद्रीहून एका विश्वनाथकाकांचा फोन आला. त्यांची पिठाची गिरणी होती, लागूनच झेरॉक्सचं दुकान, आणि लग्नाची मुलगी होती.

"मॅडम, एका पोट्ट्याचा नंबर पायजे. बटन दाबून राह्यलो, पन नंबर काई येत नाई."

"दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहा काका. तुमच्या कॉम्प्युटरवर दुसरंही एखादं चिन्ह असेल."

"पाह्यलं. त्याच्यात बटन चालते. पन त्याच्यात तो पोट्टाच नाई."

हे काही माझ्या डोक्यात शिरेना. दुसऱ्या दिवशी कामानं चिखलीला जायचंच होतं आणि उंद्री वाटेवरच, तेव्हा येऊन जाते म्हटलं.

गिरणी सुरू होती. काका पांढऱ्या पिठानं माखलेले, आणि शेजारी झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरपाशी त्यांची मुलगी रेखा बसलेली. बी.ए. झालेली, बोलायला मोजकी. तिनं मला खुर्ची दिली आणि साइट उघडून दाखवली. बघताक्षणी लक्षात आलं की स्क्रिप्ट लोड होत नाहीयेत. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलांची यादी म्हणजे नुसतं छापील पान समजा. टिक मारल्यावर निवड करणं, बटण दाबल्यावर नंबर दाखवणं ही हातपाय हलवायची कामं स्क्रिप्ट करते. इथे पान आलं होतं, हातपाय आले नव्हते. म्हणून टिक असूनही नोकरीवाले, व्यवसायवाले, शेतीवाले सगळे एकाच रांगेत दिसत होते. इथवर नवल काहीच नाही.

"कोणत्या मुलाचा नंबर हवा होता?" मी विचारलं.

रेखानं पान खाली सरकवलं. गजानन. माझा गजू. मीच काढलेला, मीच उडवलेला त्याचा तो निळ्या शर्टातला फोटो. शिक्षण, उंची, गाव, सगळं मी भरलं होतं तसंच. फक्त 'अपेक्षा'च्या रकान्यात मी 'अनुरूप' असं लिहिलं होतं, तिथे दुसरंच होतं.

'बोंडअळी पडली त्या दिवशी मले कोनी समजावू नये. नुसतं संगं बसावं.'

ते वाक्य मी दोनदा वाचलं.

मग सवयीनं कामाला लागले, कारण घाबरल्यावर मला दुसरं काही सुचत नाही. कॉम्प्युटरची तारीख-वेळ बरोबर होती. ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट बंद केलेल्या नव्हत्या, इतर साइट नीट चालत होत्या. जाहिराती अडवणारं काही बसवलेलं नव्हतं. एफ-बारा दाबून पानाच्या आतली यादी पाहिली, तर माझ्या साइटच्या सगळ्या स्क्रिप्टपुढे लाल अक्षरं, आणि कारणाच्या जागी काहीच नाही. त्यांचं इंटरनेट काढून माझ्या मोबाइलचं जोडलं, तरी तेच. प्रायव्हेट विंडो उघडली, जिथे आधीचं काहीही साठवलेलं नसतं. तिथेही स्क्रिप्ट नव्हत्या आणि गजू होता. दुसरा ब्राउझर उघडला. सगळं झकास, बटणं चालतात, पण 'नोकरी'ची टिक काढूनही गजू नाही.

आता राहिली एकच गोष्ट, जी मी एरवी फोनवर पहिल्या मिनिटाला सांगते. कॅशे साफ करा. इतक्या लोकांना मी ते सांगितलंय की झोपेतही सांगेन. त्या दिवशी कर्सर त्या बटणावर नेला आणि दाबवेना. साफ केलं आणि स्क्रिप्ट आल्या, तर गजू जाईल असं वाटलं. एवढ्या वर्षांत एका मुलीनं आपणहून त्याचा नंबर मागितला होता, आणि तो जगात कुठे दिसत होता तर फक्त त्या एका खिडकीत. मी माउस बाजूला ठेवला.

"दुरुस्त होत नाही काका. पण नंबर मी देते. हा... माझा सख्खा भाऊ आहे."

काका माझ्याकडे, मग स्क्रीनकडे, मग परत माझ्याकडे बघायला लागले. त्यांनी गिरणी बंद केली.

"म्हणजे साइट तुमची, भाऊ तुमचा, अन् दिसते फक्त माह्या घरी. तुम्हीच टाकला नं हा इथं, मॅडम?"

त्यांच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते. 'मी तर त्याचं नाव काढलं होतं' हे खरं होतं, पण त्या क्षणी ते इतकं खोटं वाटलं असतं की मी बोललेच नाही. माझ्यामुळे गजूचं आलेलं स्थळ माझ्यासमोर मोडत होतं. फोन काढला, गजूला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"गजू, उंद्रीहून विश्वनाथकाका बोलतात. त्यांनी तुझा बायोडाटा पाहिलाय."

"माहा? माहं नाव तं काढलेलं हाये नं ताई." मागून उरलासुरला कापूस वेचणाऱ्या बायांचे आवाज येत होते.

काकांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी फोनजवळ तोंड नेलं. "गजाननराव, अपेक्षा काय हाये तुमची?"

"अपेक्षा कायची जी... मुलगी राजी पायजे, बस."

"हे तं सारेच म्हनतात," काका माझ्याकडे बघत म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं निकाल लागला होता. स्क्रीनवरचं वाक्य बहिणीनं रचलेलं, भावाला पत्ताही नाही.

तेवढ्यात रेखा मागून बोलली. "यंदा बोंडअळी पडली का जी तुमच्याकडं?"

पलीकडे गजू म्हणाला, "पडली. पुरा प्लॉट गेला."

"मंग घरचे काय म्हनतात?"

"काय म्हनतीन? सारे समजावून राह्यले. मायबाप समजावतात, ताई समजावते, शेजारचेई येऊन समजावून जातात. खरं सांगू का, मले समजावल्याचा लय राग येते. त्याच्यापरीस कोनी काई न बोलता नुसतं..." आणि मध्येच थांबला. "पन तुम्ही कोन बोलून राह्यल्या?"

"मी रेखा," ती म्हणाली. "पाहाले या तुम्ही."

"थांब व माय!" काका ओरडले, पण तिचं बोलून झालं होतं.

आठवड्याभरात गजू उंद्रीला जाऊन आला. काका स्वतः आमच्या गावी येऊन विहीर, जमीन, गोठा सगळं बघून गेले, चार लोकांकडे चौकशी करून गेले. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं, उन्हाळ्यात लग्न झालं. पण मी उंद्रीहून परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी काकांचा फोन आला होता.

"मॅडम, ते बटन सुरू झालं बरं. अन् टिक काढूनई तुमचा भाऊ आता दिसत नाई. काढला का?"

मी हात लावला नव्हता. म्हणून मग सर्व्हरची नोंद काढून पाहिली, कुठलं पान कुणी कधी उघडलं ती. उंद्रीच्या त्या दुसऱ्या ब्राउझरच्या भेटी त्यात होत्या. बिघडलेल्या ब्राउझरची एकही नव्हती, मी स्वतः त्यात एवढी खुडबुड करूनही. म्हणजे ते पान माझ्या सर्व्हरवरून गेलंच नव्हतं. मग कुठून येत होतं?

माझ्या व्यवसायातल्या मित्रांना विचारून झालंय. स्क्रिप्ट का आल्या नसतील याची कारणं प्रत्येकानं दिली आणि त्यातलं एखादं बरोबरही असेल. 'अपेक्षा'च्या रकान्यात ते वाक्य कसं आलं, हे विचारलं की मात्र सगळे चहा मागवतात. गजूनं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि त्याला टाइप करता येत नाही. इथे कुणाला कारण माहीत असेल तर जरूर लिहा. मी खरंच वाचेन.

गंमत म्हणजे हे कोडं एकट्या मलाच पडलंय. बाकी सगळ्यांकडे उत्तर आहे. लग्नात विश्वनाथकाकांनी मला सगळ्यांत भारी साडी दिली आणि हळूच म्हणाले, "कसं केलं ते सांगू नका, पन चांगलं केलं." रेखालाही तेच वाटतं, फक्त ती बोलत नाही.

आणि गजू... त्याला तर खात्रीच आहे. भाऊबीजेला घरी आला की लेकीला मांडीवर घेऊन तिला सांगतो, "मी म्हनलं होतं नाव काढून टाक, पन तुह्या आत्यानं माहं ऐकलंच नाई. काढल्यासारखं केलं अन् ठेवून देल्लं." सांगताना माझ्याकडे असा बघतो की माझे डोळे भरून येतात.

पहिल्या वर्षी मी त्याला म्हणाले होते, की नाही रे, तुझं ऐकलं होतं मी, खरंच काढलं होतं. तो नुसता हसला. आता मी काही म्हणत नाही.