थोरलीला बारीक

दुसऱ्याच्या जबड्यातल्या स्क्रूवर तुम्ही कधी जळलात का? नाही म्हणता? बंगल्यावर, गाडीवर, शेजाऱ्याच्या पोराच्या नोकरीवर जळता, ते चालतं. मग कशेळ्याच्या अलीकडच्या गावातल्या भागूबाईला हसू नका. ती धाकट्या जावेच्या खालच्या कवळीवर जळत होती, आणि जळायला तिला कारणही तसंच होतं.

भागूबाई धवलारीण. लग्नाच्या मांडवात धवले गाऊन देवांना आवतण देणारी. उभ्या पट्ट्यात तिच्या आवाजाशिवाय नवरीला हळद लागत नव्हती. धाकटी जाऊ सोनाबाई, तिलाही धवले हिनंच शिकवलेले. चुलीपुढं बसवून, चुकली की पळीनं ढोसून.

मग दात गेले. वरची कवळी टाळूला धरून राहायची, पण खालची नुसती नावाला. धवल्याचा 'आ' लांबवला रे लांबवला, की ती उठून जिभेवर बसायची. भागूबाई तोंडाला पदर लावून सूर आटोपता घ्यायची.

दात सोनाबाईचेही गेले होते. पण तिचा प्रवीण खालापूरला कंपनीत. त्यानं आईच्या खालच्या जबड्यात दोन स्क्रू बसवून आणले आणि त्यांच्यावर कवळी बटणासारखी टक्कन बसली. सोनाबाईनं काय करावं? घरी जायच्या आधी थोरलीच्या ओटीवर येऊन कवळी काढली, आ वासला.

"बघ बाय, कसं जाडजूड घातल्यान! प्रवीण म्हनला, आयेला हलकं नको."

"म्हशीला खुंटा जाडच लागतो गं," भागूबाई म्हणाली. पण रात्रीची भाकरी तिनं दुधात कुस्करून तशीच ठेवली.

पुढं एका हळदीत व्हायचं तेच झालं. ऐन देवांच्या नावांवर भागूबाईची कवळी सटकली. ती थांबली, आणि सोनाबाईनं मागून तोच सूर उचलून पार शेवटापर्यंत नेला. कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं. गावाच्या ग्रुपवर दोन दिवस सोनाबाईच गात होती. भागूबाई नातीचा मोबाईल घेऊन ते पुन्हा पुन्हा बघायची आणि दर वेळी म्हणायची, "सूर माझाच हाय. चोरलान सटवीनं."

त्यातच नातीचं, श्रद्धाचं, लग्न ठरलं. भागूबाईचा मुलगा राजेश जेवताना सहज बोलून गेला, "आये, धवले काकीच म्हनंल. तुला कशाला तरास?"

सहज! सख्ख्या नातीच्या मांडवात आजीनं तोंड मिटून बसायचं आणि हे म्हणे सहज. म्हाताऱ्या माणसाला दात कशाला, असं म्हणणाऱ्यांना आठवडाभर नुसत्या पेजेवर ठेवावं, म्हणजे कळेल.

सून नम्रता शहाणी. तिनं दुसऱ्याच दिवशी सासूला जीपमध्ये घालून कर्जतला नेलं. दातांची डॉक्टरीण ऋजुता. तिनं फोटो काढला, जबडा चाचपला आणि टेबलावर दोन स्क्रू ठेवले. एक चांगला जाड, दुसरा काडेपेटीतल्या काडीएवढा.

"आजी, तुम्हाला हे बारीक बसतील."

भागूबाईच्या कपाळावर आठी चढली. "जावेला दोन जाड नि मला बारीक?"

"त्यांच्या जबड्याचं हाड रुंद असेल. तुमचं झिजलंय."

"मी थोरली हाय! या घरात जाड पाटल्या थोरलीला नि बारीक धाकटीला, अशी रीत हाय. सासूनं पाळली, तुमी मोडता व्हय?"

डॉक्टरीण गोंधळली. तिला वाटलं, बाई दागिन्यांचं काहीतरी हरवलं म्हणून सांगतेय. नम्रतानं कपाळाला हात लावला. "आई, ते अंगावर मिरवायचं नाय. हाडात जायचंय."

"कुठं का जाईना. मान तो मान."

ती उठलीच. दारापर्यंत गेली. तेव्हा डॉक्टरीणही जरा चिडली, आणि बरंच झालं, चिडल्यावर माणूस समजेल असं बोलतं. "आजी, भातशेती आहे ना तुमची? अरुंद बांधात जाड मेढ ठोकली तर काय होतं?"

"बांध फुटतो," भागूबाई पाठमोरीच म्हणाली.

"मग? जाडच हवा तर आधी हाड भरायचं ऑपरेशन, ते धरेपर्यंत महिनोन्‌महिने थांबायचं. लग्न तोवर होऊन जाईल. बारीक स्क्रू एकटादुकटा भार घेत नाही, वाकायची भीती असते. म्हणून दोघांचं काम चौघांवर वाटायचं. चार बसवू."

भागूबाई वळली.

"किती?"

"चार."

"नि तिला?"

"तुम्हीच म्हणालात, दोन."

बाई परत खुर्चीत येऊन बसली आणि आ वासला.

श्रद्धाच्या हळदीला भागूबाई पाटावर बसली, मागं सोनाबाई झील धरायला. पहिल्याच धवल्याला थोरलीनं 'आ' असा काही लांबवला, की वाजंत्री तोंडातली तंबाखू थुंकायची विसरले. कवळी जागची हलली नाही. सोनाबाई मागून पुढं घुसायला बघत होती. तिच्याकडे न बघताच भागूबाईनं कोपर मारलं. श्रद्धा हळदीच्या तोंडानं आजीकडे बघत रडत हसत होती, पण भागूबाईचं लक्ष नातीकडे कुठलं? ते पाठीमागं.

धवला संपल्यावर सोनाबाईनं कानाशी तोंड नेलं. "किती घातल्यान गं?"

"चार."

"चार?"

"मोज हवं तर."

सोनाबाईचं तोंड उतरलं. मांडवातूनच तिनं हाक मारली, "प्रवीन! ए मुडद्या! मला दोनातच गुंडाळलंस व्हय रं?" तेव्हापासून ती आणखी दोन घालून दे म्हणून लेकाच्या मागं लागलीय. चांगले दोन पक्के बसलेत, कणीस खाते, पण झोप नाही. आणि भागूबाई? सकाळ-संध्याकाळ त्या चार बारक्यांच्या मुळाशी मऊ ब्रश फिरवते, तोही सोनाबाईच्या दारासमोरच्या नळावर.

कशेळ्याकडे कुणाचं जाणं असेल तर एवढं करा: त्या नळापाशी थांबा आणि सोनाबाईला समजावून सांगा, की रुंद हाडाला जाड दोन पुरतात. आमचं ती ऐकत नाही.