घड्याळजींच्या वाटेतला तुकडा

गवताला कंगवा फिरवतात म्हणून गल्लीतली पोरं त्यांना कंगवेमास्तर म्हणायची. स्वतः मास्तरांच्या डोक्यावर कंगवा लागावा असं काही उरलं नव्हतं, म्हणून मोठी माणसंही हसून तेच म्हणायची.

लोक अंगणात, गच्चीत प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरतात. ते फाटलं, उसवलं की मास्तरांना बोलावणं. एकवीस वर्षांत गुडघे गेले, तळहात मात्र शाबूत. गवतावर नुसता हात फिरवला की त्यांना कळायचं, पाती कुठे झुकलीत. "मांजरासारखं असतं हे," ते म्हणायचे. "सुलट हात गेला तर गप्प. उलट गेला की ओरबाडतं."

त्या दुपारी दार उघडलं एका निवृत्त नर्सबाईंनी.

"आलात? आधीच सांगते मास्तर, माझं डोकं ठिकाणावर नाही. तीन आठवडे झाले, माझा नवरा बाहेर पडला नाही."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"मागच्या अंगणात. त्यांचं जग तेवढंच आहे आता."

नवरा घड्याळजी. आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या आणि साठीत नजर गेली. काठी धरायला तयार होईनात, म्हणून बाईंनी हप्त्यांवर हे गवत घेतलं होतं. उंबऱ्यापासून भिंतीपर्यंत चौदा पावलं. अनवाणी चालायचं. जाताना पाय सुळकन जातो, येताना पाती टोचतात. टोचलं की समजायचं, आपण घराकडे निघालोय.

मग मागच्या इमारतीला नव्या काचा लागल्या. त्यांची तिरीप अंगणात पडली आणि मधोमध दोन पावलांएवढं गवत वितळून त्याचा पापड झाला. कंपनीच्या माणसानं तिथे नवा तुकडा लावला. तोही उलटा, पात्यांचा कल विरुद्ध बाजूला.

"मी सुळकन चाललो होतो," मागच्या उंबऱ्याशी बसलेले घड्याळजी म्हणाले. त्यांच्या कपाळावर टाक्यांची ताजी खूण होती. "मध्येच टोचायला लागलं. वाटलं, नकळत वळलो की काय. म्हणून पुन्हा वळलो. मग कुठे आहे तेच कळेना. नळावर आपटलो."

मास्तर अंगणात उतरून ओणवे झाले. तुकडा उचलू पाहिला. गोंद असा फासला होता की खालचं कापड टरकलं.

"हा काही वाचत नाही. दुसरा लागेल, याच जातीचा. पण ही जात आता बनत नाही हो सिस्टर."

"कंपनी तेच म्हणते. सगळं अंगण नव्यानं करा म्हणे, कुरळ्या गवताचं. जुने चौदा हप्ते बाकी आहेत, त्यावर आणखी तीन वर्षांचे! ते एक वेळ भरीन मी, पोटाला चिमटा काढून. पण कुरळ्याला कल असतो का?"

"नसतो."

"मग यांनी चालायचं कसं?"

मास्तरांनी वितळलेल्या भागाचं माप घेतलं. त्या जातीचा एक तुकडा कुठे आहे, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तो त्यांच्याच घरी होता. खाटेपासून खिडकीपर्यंत. बायको आजारी पडली तेव्हा गार फरशी तिला सोसेना, म्हणून एका कामावरून उरलेली पट्टी त्यांनी आणून अंथरली होती.

"लोकांच्या अंगणाला मखमल, आणि मला चिंध्या!" ती म्हणाली होती.

"चाल तर खरी."

सात महिने ती चालली, भिंतीला हात लावत, दोन पावलं तिकडे, दोन पावलं इकडे. ती गेल्यावर लेकीनं एकदा म्हटलं, "बाबा, केवढं चेपलंय. कंगवा तरी मारा." "राहू दे," मास्तर म्हणाले. लेकीनं पुन्हा विषय काढला नाही.

आज ते पट्टीशेजारी बसले, माप टाकलं. पुरती लागणार होती, जेमतेम. लेक दारात उभी राहिली.

"बाबा, ही?"

"एका माणसाचं चालणं अडलंय गं."

तिनं पट्टीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून गुंडाळी केली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी अंगणातला भाग चौकोनी कापून काढला. हात फिरवून कल पाहिला, पुन्हा पाहिला, मग जोडपट्टीवर तुकडा बसवला. आता उरला कंगवा. तो फिरवल्याशिवाय पाती उठणार नव्हती, आणि पाती उठल्याशिवाय घड्याळजींना परतीची वाट कळणार नव्हती. कंगवा हातात धरून मास्तर बराच वेळ तसेच बसले. सिस्टर चहा ठेवून गेल्या, चहा निवला. मग त्यांनी ओठ मिटून कंगवा ओढला. चेपलेली पाती एकेक करून उभी राहिली.

घड्याळजी निघाले. चौदा पावलं गेले, भिंतीला हात लावला, वळले. येताना त्या तुकड्यावर थांबले.

"मास्तर, हे नवं नाही."

"टोचत नाही का?"

"टोचतं की. पण मऊ टोचतं. कुणीतरी हलक्या पायाचं माणूस खूप चाललंय इथे."

"अहो, काहीतरीच काय!" सिस्टर म्हणाल्या.

मास्तर कटरचं पातं पुसत होते. "घरचंच आहे," ते म्हणाले. "आता तिकडे चालणारं कुणी नाही."

 सिस्टरनी पर्स उघडली. "तुकड्याचे किती?"

"गोंदाचे आणि मजुरीचे द्या. तुकड्याचा हप्ता लावू."

"किती महिन्यांचा?"

"महिन्यातून एकदा कंगवा फिरवायला येईन. तेवढं येऊ द्या."

पहिल्या महिन्याला ते गेले, तेव्हा घड्याळजी झोपले होते. रोज चालत होते म्हणे, दिवसातून सहा-सहा फेऱ्या. मास्तर तुकड्याशी बसले आणि त्यांनी तळहात टेकला. पाती पुन्हा चेपली होती, जड पावलांनी, रुंद. त्यांनी सगळीकडे चाचपून पाहिलं, कडेला, कोपऱ्यात. तिचं म्हणून ओळखू येईल असं काही हाताला लागलं नाही.

मग त्यांनी कंगवा काढला.