अप्पांनी मोठा केलेला चौकोन

चेन्नईच्या कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि मी गणिताच्या धास्तीनं गळाठले. शेजारची अक्का तेच शिकून आमच्या गावी, कुंभकोणमला परतली होती. तिनं त्या उन्हाळ्यात मला एकच धडा दिला. कशाहीभोवती चौकोन काढायचा, आत काय गेलं, बाहेर काय आलं ते बाणांनी दाखवायचं. जुळलं नाही तर उरलेलं आतच आहे. "पाण्यांत पडल्याविना पोहणें येत नाहीं," असंही म्हणाली. असं सांगणारे नेहमी काठावर उभे असतात.

दुपारभर मी गच्चीवर सावलीत चौकोन काढत बसायची. पहिला कॉफीच्या पितळी फिल्टरभोवती. वरून ओतलं तेवढं पाणी काही खाली उतरेना. फिल्टर गळतो म्हणून मी वडिलांशी, अप्पांशी भांडले. त्यांनी ओला चोथा माझ्या तळहातावर ठेवला. पाणी त्यातच होतं. मग उन्हात घातलेल्या वडामभोवती, म्हणजे आमच्या तांदळाच्या सांडग्यांभोवती. मग कावेरीभोवती. तिच्यात तेव्हा नुसती वाळू होती, म्हणून आत येणारा बाण मी पुसून टाकला. डोळे मिटले तरी गावभर बाण तरंगायचे. देवळातून घंटानाद बाहेर पडायचा, गल्लीत मोगऱ्याचा वास शिरायचा. अभ्यास थोडा, मनातले मांडेच फार.

निघायला आठवडा राहिला तेव्हा आमच्या घराभोवती चौकोन काढला. आई गेल्यापासून आत आम्ही दोघंच. येणारे बाण पुष्कळ: दूध, तांदूळ, पेपर. जाणारी मी; त्या बाणाच्या टोकाशी चेन्नई लिहिलं. उरले अप्पा. गणिताची भीती कुठल्या कुठे गेली. त्यांना एकटं सोडून माझा पाय निघेना. कागद घेऊन खाली गेले आणि सांगून टाकलं, "अप्पा, मी नाहीं जात. इथेंच कॉलेज बघतें."

अप्पा बाहेर तमिळ बोलतात, घरात आमची जुनी तंजावरी मराठी; मला लाडानं हाक मारताना तेवढं तमिळ 'मा' येतं. त्यांनी चष्मा लावला, कागद बराच वेळ पाहिला आणि पेन्सिल मागितली.

"चौकोन लहान काढलीस, मा."

घराला वळसा घालून, चेन्नई लिहिलं होतं त्याच्याही पलीकडून, कागदाच्या कडेकडेनं त्यांनी नवीन चौकोन काढायला घेतला.

"आतां सांग, बाहेर कोण गेलें?"

कोणीच गेलं नव्हतं. मला रडू आलं. अप्पांनी मान वर केली नाही. ते शेवटची बाजू काढत होते, आणि ती काही त्यांना सरळ काढता येईना.