दर आठवड्याला नवा पासवर्ड

लग्नानंतरच्या दिवाळीला ताई माहेरी आली ती लॅपटॉप घेऊन. जळगाव जामोदला ती शाळेत शिकवायची. सुट्टीत प्रश्नपत्रिका करायच्या होत्या. वडनेरला आमच्या घरी आल्यापासून ती फार बोलत नव्हती. फोन वाजला की मात्र ताटावरून उठायची.

दुपारी तिनं लॅपटॉप उघडला. पासवर्डची मुदत संपली, नवा टाका, असं पडद्यावर आलं. तिचे हात थांबले.

"टाक ना," मी म्हटलं.

"त्याइले फोन करा लागते."

"काऊन? लॅपटॉप तं तुहा आहे."

"दर आठवड्याले बदलावा लागते. नवा टाकताना ते मांगं उभे राह्यतात."

हे तिनं अगदी सहज सांगितलं. मी तोंड फिरवलं आणि म्हटलं, "टाक. मले बी सांगू नको."

बऱ्याच वेळानं कीबोर्डची बटणं वाजली. मग मी सेटिंगमध्ये शिरले. पासवर्ड सात दिवसांनी संपावा, असं भाऊजींनी ठरवून ठेवलं होतं. मी तो कधीच संपू नये असं केलं. तेवढ्या वेळात ताईनं दोनदा उठून दार पाहिलं.

संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. ताईनं स्पीकर लावला.

"आज पासवर्ड संपला असंल. काय टाकला?"

"नाही सांगत."

ते चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "बरं. उद्या घ्याले येतो."

आले. बाबांशी हसत बोलले, चहा घेतला. मग लॅपटॉप मागवून ताईपुढे सरकवला. "टाक. सगळ्याइच्या समोर."

"टाक ना बाई," बाबा हसत म्हणाले. "त्यात काय एवढं?"

ताईनं लॅपटॉप मिटला. "बाबा, तिथं फोन, पर्स, कपाट, काहीच माह्यं नाही. मी याइच्या संगं जात नाही."

बाबांचं हसू गेलं. त्यांनी लॅपटॉप उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. भाऊजी उठले, आईच्या पाया पडले आणि बाहेर गेले.

गाडी सुरू झाल्याचा आवाज येईना, म्हणून आईनं खिडकीतून पाहिलं. भाऊजी गाडीत बसून आमच्या दाराकडे बघत होते.

ताई परत गेली नाही. आता ती नांदुऱ्याला शिकवते. तिच्या शाळेसमोर ती गाडी अजून अधूनमधून उभी असते. काच वर, इंजिन बंद.