कोडावरचं कुंकू

मी त्याला मारलं. धाकट्या भावाला, पस्तिशीच्या बाप्याला, अंगणात ओढत नेऊन, हाताला लागलेल्या पत्र्याच्या डब्यानं. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं, तरी माझा हात थांबेना. राग माझ्या नाकावर असतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, पण त्या दिवशी मला माझीच भीती वाटली.

कारण सांगते. अप्पा, आमचे वडील, मांडीचं हाड मोडल्यापासून पलंगावर. ज्या शाळेत त्यांनी जन्मभर शिकवलं, ती केलगेरीकडची शाळा पाडली. पाडण्याआधी जुन्या विद्यार्थ्यांनी चहूबाजूंनी दिसेल असा व्हिडिओ काढून ठेवला होता. मोबाइल आत बसवून डोळ्यांना लावायचा स्वस्तातला व्हीआर चष्मा भावानं हुबळीच्या कोप्पीकर रोडवरून आणला. "एकदा माझा सातवीचा वर्ग बघू दे, मग मेलो तरी चालेल," अप्पा म्हणाले होते. आणि लावल्यावर काय? एका फळ्याचे दोन फळे, दोन्ही धूसर. अप्पांना गरगरलं, ते उशीवरच ओकले. "नको रे, गेली ती शाळा," म्हणून भिंतीकडे तोंड करून पडले. माझं डोकंच फिरलं.

"अक्का, ऐक तरी, तो कोड..." भाऊ म्हणत होता. कसला डोंबलाचा कोड! मी डबा घातला.

मग चष्मा पिशवीत कोंबून हुबळीला गेले आणि दुकानदाराची कॉलर धरली. "म्हाताऱ्या माणसाला असलं भंगार विकतोस, मुडद्या?" त्याच्या शर्टाचं बटण तुटून काउंटरवर उडालं. तो बिचारा "सिट्ट माडब्याड्री अक्का, रागावू नका," करत चष्मा फिरवून बघू लागला. चष्म्यावर पुढे एक चौकोनी कोड छापलेला असतो. तो मोबाइलनं वाचला की चित्र त्या भिंगांच्या मापाचं होतं. त्या कोडावर हळदीचं बोट आणि कुंकवाचा जाड टिळा. मीच लावलेला. आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. मिक्सरला लावते, तसं यालाही लावलं.

त्यानं ओल्या फडक्यानं पुसलं, कोड वाचून दाखवला, भिंगांमधलं अंतर सरकवायचं चाक दाखवलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

घरी भाऊ भुवईवर फडकं दाबून बसला होता.

"पुसायचं होतंस की रे!"

"कुंकू पुसलं असतं तर तू मला सोडलं असतंस?"

मी चष्मा त्याच्या हातात दिला. त्यानंच अप्पांना टेकवून बसवलं, चष्मा लावला, चाक फिरवत विचारत राहिला, "आता? आता?"

"थांब! हां." अप्पांनी मान वळवली, पुन्हा वळवली. "फळा... अरे, माझा फळा! वर तारीख पण आहे रे!" आणि ते हमसाहमशी रडले. बऱ्याच वेळानं चष्मा काढला, तर समोर भावाचं सुजलेलं तोंड.

"कुणी मारलं?"

"दार लागलं, अप्पा."

"मी मारलं," मी म्हणाले.

त्यांनी मला जवळ बोलावलं. मी वाकले. वर्गात कधी कुणाला बोट न लावलेल्या माणसानं माझ्या थोबाडीत दिली. हातात जोर नव्हता त्यांच्या. असता तर बरं झालं असतं.