बिनपाण्याचे गट्टू

माझा एक स्वभाव आहे. नवरा त्याला खोड म्हणतो. एखादी गोष्ट होणार असं मला वाटलं की ती होणारच, आणि झाली नाही तर चूक दुसऱ्या कुणाची तरी असते. त्या दुष्काळात याच स्वभावाने मला तारलं, पण त्याआधी चांगलं तोंडावर आपटलं.

तलवाड्याजवळच्या आमच्या गावाकडे पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा लोकांनी ठिबकच्या नळ्या उपटून बांधावर टाकल्या. आमच्या सहकारी सोसायटीच्या जुन्या गोदामाचा स्लॅब पाडला होता, त्याच्या काँक्रीटचं डबर दारातच पडून होतं. आणि गावचा गवंडी रिकामा होता, कारण पिण्याचं पाणी टँकरने येत असताना बांधकामाला कोण पाणी देणार? सगळं गाव त्याला मामा म्हणायचं. पन्नाशी उलटल्यावर, दुखरी कंबर घेऊन तो पहिल्यांदाच ऊसतोडीला निघाला होता. त्या कमरेने मोळ्या वाहिल्या असत्या तर धडधाकट परत आला नसता, हे सगळ्यांना कळत होतं.

मी सोसायटीची संचालक. एका कारखान्यात मी वितळलेल्या प्लास्टिकमध्ये काँक्रीटचा चुरा कालवून फरसबंदीचे गट्टू पाडताना पाहिलं होतं. सिमेंट नाही, म्हणून पाणी मारणंही नाही. थंड झाला की गट्टू तयार. मी चेअरमनना म्हटलं, नळ्या आपल्या, डबर आपलं, गवंडी आपला, मग अडलंय कुठे? ते मिशीतल्या मिशीत हसले आणि अट घातली: गोदामासमोर गट्टूंचा पट्टा अंथरा, त्यावरून भरलेला ट्रक जाऊन एकही गट्टू फुटला नाही तर मामाला सोसायटीत कायमचं काम.

बंद गुऱ्हाळातली काहील आणली, चूल मांडली, डबर फोडून खडी केली, नळ्या वितळवून त्यात कालवली. पहिला गट्टू हातोडीच्या एका फटक्यात फुटला. आत अनारशासारखी जाळी. मी नळ्यांना शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी तेच, मग मी जाळाला बोल लावला. नाचता येईना अंगण वाकडं, असं पारावर माझ्याबद्दल बोललं गेलं आणि ते मला मुद्दाम ऐकवलंही गेलं. मामाची ऊसतोडीची टोळी निघायला आठवडा उरला होता. मामा मात्र काम करतच होता.

एका सकाळी मी लवकर गेले. मामा डबराच्या खडीवर घागर उपडी करत होता. घरची घागर, प्यायच्या पाण्याची.

हे काय चाललंय, म्हणून मी ओरडलेच.

"खडी धुतल्याबिगर माल धरत न्हाई, ताई," तो शांतपणे म्हणाला. "धूळ ऱ्हाती तिच्यात."

रोज एक घागर तो इथे ओतत होता आणि मामी घरी उरलेल्या पाण्यात भागवत होती. सिमेंटच्या कामात त्याचं बरोबर होतं. इथे ओल्या खडीतल्या पाण्याची तापलेल्या प्लास्टिकमध्ये वाफ होत होती आणि जाळी पडत होती. पाणी लागत नाही हे मी त्याला दहादा सांगितलं होतं. खडी कोरडी लागते हे एकदाही नाही. अशा टंचाईत कुणी खडी धुवेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आधी त्याचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली. चूक माझी, असं मी त्याला सांगितलं. सवय नसल्यामुळे ते जरा मोठ्याने सांगितलं गेलं.

मग डबर पत्र्यावर उन्हात खडखडीत वाळवलं, धूळ चाळून काढली. आता गट्टूवरून हातोडीच उडायला लागली. पट्ट्यातला शेवटचा गट्टू बसला तेव्हा टोळी निघायचा दिवस उजाडला होता. मामाने बोचकं टोळीच्या ट्रकमध्ये चढवलं होतं, मामीही बरोबर निघाली होती आणि बोचक्याशेजारी बसली होती. चेअरमन गोदामासमोर येऊन उभे होते. मी ड्रायव्हरला सांगितलं, गोदामावरून घे.

माणसं, भांडीकुंडी, धान्याची पोती, सगळ्यांनी भरलेला तो ट्रक पट्ट्यावरून सावकाश गेला आणि पुढे थांबला. मामा उतरून गुडघ्यांवर बसला आणि एकेक गट्टू तळहाताने दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"एकबी फुटला न्हाई, हालला बी न्हाई," तो म्हणाला.

चेअरमन काही बोलायच्या आत मामीने वरून बोचकं खाली टाकलं आणि पदर खोचून स्वतःही उतरली.